काडतुसांची किल्ली

माझा नवरा लिफ्टमधून बाहेर पडला की दारापर्यंत पोचायच्या आधीच मोठ्यांदा ओरडतो, "मी आलोय, मी!" रियाधमधल्या आमच्या इमारतीत आता सगळ्यांना याची सवय झाली आहे. समोरच्या केरळी बाई सुरुवातीला दचकून दार उघडायच्या, आता उघडत नाहीत. लेक आतून इंग्रजीत म्हणते, बाबा, आपल्याकडे बेल आहे. बेल आहे, दाराला भिंग आहे, फोन आहे. तरी हा ओरडतो. आणि नाही ओरडला तर मी दार उघडत नाही, राहू दे उभा तिथेच पिशव्या घेऊन. ही खोड आम्हा दोघांना लावली हाइलच्या शेतावरच्या चाचांनी, आणि ती आम्ही सोडणार नाही.

तेव्हा माझा नवरा हाइलच्या बाहेर एका गव्हाच्या शेतावर पाण्याची यंत्रं सांभाळायचा. मधोमध कुंपणाच्या आत मालकाचं घर, मजुरांच्या खोल्या, स्टोअर आणि एका कडेला आमचं पत्र्याचं केबिन. चाचा स्टोअर बघायचे. मूळचे दापोलीकडचे. शेताचा मालक थोरला शेख, त्याने त्यांना तरुणपणी इथे आणलं होतं. पुढे शेख गेला, त्याचे उंट विकले गेले, पण चाचा स्टोअरच्या दारातल्या स्टुलावर होते तिथेच. नट, बोल्ट, पट्टे, ग्रीस, सगळं त्यांच्या ताब्यात. साधा वॉशर मागायला गेलं तरी तो कशाला हवा याची आधी उलटतपासणी व्हायची, आणि उत्तर पटलं नाही तर वॉशर मिळायचा नाही.

उंच, काटकुळे, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, आणि आवाज असा की पलीकडच्या मजुरांच्या खोलीत झोपलेला माणूस उठून बसावा. तो आवाज ते दिवसभर एकाच कामाला वापरायचे. कुठेही जायच्या आधी स्वतःची वर्दी द्यायची. मशिदीकडे जाताना, पंपाकडे जाताना, शेळ्यांच्या गोठ्यात जाताना सुद्धा लांबूनच, "मी स्टोअरवाला, मी येतोय." एकदा मी त्यांना कुलूपबंद रिकाम्या स्टोअरपुढे उभं राहून हीच हाळी देताना बघितलं आणि हसू आवरेना.

"आत कोण आहे चाचा, ज्याला सांगताय?"

"कुणी नाही हे तुला कसं माहीत गो? तू आत जाऊन आलीस?"

आमच्या केबिनशी यायचे तेव्हा तर कहर. दारावर थाप मारायची नाही, लांब उभं राहून हाक मारायची. मी आतून म्हणायचे, "या ना." ते हलायचे नाहीत. "आधी विचार कोण म्हणून." हातात कणीक, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, लेक रडतेय, आणि हे बाहेर उन्हात उभे. मग मी वैतागून ओरडायचे, "कोण?" "मी." "मी कोण?" "आता कसं बरोबर विचारलंस," म्हणायचे आणि मग आत यायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की चहात साखर घालायला मी मुद्दाम विसरायचे. ते तो तसाच प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "साखर संपली असेल तर सांग, शहरात गाडी जाणार आहे."

आणखी एक. ते कुणाकडे बोट दाखवायचे नाहीत. माणूस दाखवायचा झाला तर अख्खा पंजा उताणा करून, वाढप्याने पोळी पुढे करावी तसा. बोट रोखलेलं त्यांना खपायचं नाही. माझ्या लेकीने खेळताना बोटाची बंदूक करून ठो म्हटलं, तर तिला मांडीवर घेऊन बसले आणि समजावत राहिले. "हात सगळ्यात शेवटी, बेटा. आधी बघ, मग विचार, मग ऐक. हात शेवटी." तीन वर्षांची पोर ती. तिने तेच बोट त्यांच्या नाकात घातलं.

हे सगळं कुठून आलं ते मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. दापोलीकडे त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात उकरतात, माकडं बागेत काही ठेवत नाहीत, म्हणून शेताच्या राखणीचा परवाना. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायची, संपली की परत आणायची. गावात वडिलांचा मोठा धाक होता म्हणे. "पण बारुदाचा डबा आईच्या पेटाऱ्यात असायचा," चाचा सांगायचे. "बंदूक बापाच्या खुंटीला, डबा आईच्या पेटीत. बाप आडवातिडवा गडी, पण डुकरावर जायचं तर आधी चुलीपुढे उभा. आई विचारायची, कुठे जाताय, बरोबर कोण आहे, रानात आपलं कोण गेलंय. सगळी उत्तरं मिळाली की डबा काढायची."

मी विचारलं, काही घडलं होतं का घरात, म्हणून एवढी काळजी? चाचा माझ्यावर उखडले. "घडलंच पाहिजे का? ज्यांच्याकडे घडलं त्यांना विचार जा. आमच्याकडे नाही घडलं, म्हणून तर मी सांगतोय."

त्या वर्षी शेजारच्या शेतावर चोरी झाली. पंपाच्या तांब्याच्या केबली कापून नेल्या. आमचा छोटा शेख, म्हणजे थोरल्याचा मुलगा, त्याने नुकताच कारभार हाती घेतला होता. रियाधला शिकून आलेला, स्वभावाने चांगला, पण बापाच्या जागी बसलोय हे सगळ्यांना दिसलं पाहिजे असा त्याचा हट्ट. त्याने रीतसर परवाना काढला आणि घरात पहिल्यांदाच बंदूक आणली. आणली ती स्टोअरपुढे येऊन चाचांना दाखवली, कारण चाचांच्या वडिलांची गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती. म्हणाला, मला शिकव, घर राखायला ही कशी वापरायची.

चाचांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी परदेशी. हिला माझं बोट लागलं तरी माझी रवानगी तुरुंगात. हिला कुलपात ठेवून ये, मग शिकवतो." आणि खरोखरच त्याला परत पाठवलं. तो येईपर्यंत स्टोअरमधून प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा कापून ठेवला. "ही तुझी बंदूक."

मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, त्यामुळे पुढची मजा मला फुकटात बघायला मिळाली. झकपक पांढऱ्या थोबमधला, म्हणजे पायघोळ अंगरख्यातला शेख हातात पाइप घेऊन अंगणात उभा, आणि चाचा त्याच्याभोवती फिरत अरबीत झापतायत. पाइपाचं तोंड शेळीकडे गेलं. "शेळीने काय केलं तुझं?" तोंड माझ्या दोरीकडे आलं. "तिकडे बाई आहे." तोंड पायाकडे गेलं. "पाय तुझाच आहे ना?" शेवटी त्याने पाइप जमिनीकडे धरला, चाप असतो त्या जागेपासून बोट लांब ठेवलं, आणि चाचा म्हणाले, आता असाच धरून पूर्ण आवाराला फेरी मार. शेखने मारली. मजूर खिडक्यांतून बघत होते, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

नेम धरायला शिकवतील असं बिचाऱ्याला वाटलं असणार. चाचांनी त्याला घराचं मागचं दार दाखवायला लावलं. त्याची कडी थोरल्या शेखच्या काळापासून मोडलेली. "चोराला दार उघडं ठेवायचं आणि मग बंदूक घेऊन बसायचं, हा कुठला शहाणपणा?" कडी बसवली. पंपांवर दिवे लावले. मग विचारलं, "तुझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?" बायकांच्या भागात चाचा कधी गेलेले नव्हते, पण ती भिंत जिप्समची आहे हे त्यांना ठाऊक होतं, तक्ते त्यांनीच स्टोअरमधून काढून दिले होते. शेख म्हणाला, आई झोपते. "गोळी भिंतीला थांबत नाही," चाचा म्हणाले.

"बंदूक घरात आणलीस म्हणजे घरात एक माणूस वाढला," त्यांनी त्याला सांगितलं. "त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, अक्कल नाही. ते सगळं तू द्यायचं. रागात असशील तर त्याच्याकडे जायचं नाही. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचं नाही. लग्नात हवेत बार काढायचे नाहीत, वर गेलेलं खाली येतं." शेखने मान डोलावली. इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग चाचांनी शेवटची अट घातली. बंदूक एका कपाटात, तिची किल्ली तुझ्याकडे. काडतुसं दुसऱ्या कपाटात, आणि ती किल्ली आईकडे.

शेख भडकला. आपल्याच घरात, आपल्याच काडतुसांसाठी, मी आईपुढे हात पसरू? लोक हसतील.

"हसू देत," चाचा म्हणाले. "हसणारी माणसं जिवंत असतात."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी शेख म्हणाला, खलास, उद्या तुझी खुरूज निहाई लावतो. इथे राहणाऱ्याला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. कायमची घरवापसी, इकामा म्हणजे राहायचा परवाना बंद, पुन्हा येणं नाही. चाचांचं दापोलीला आता होतंच कोण? बायको वारलेली, मुलगा मुंबईत त्याच्या संसारात. जन्म या शेतावर गेलेला. संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले तेव्हा मी चहात दोन चमचे साखर घातली.

माझा नवरा हलक्या आवाजाचा माणूस. त्याने समजावलं, "चाचा, जाऊ द्या ना. त्याचं घर, त्याची बंदूक. आपल्याला काय करायचंय?"

"घर त्याचं," चाचा म्हणाले. "पण त्या घराबाहेर अंधारउजेडात फिरतो कोण? तो चोर आला तर येईल कधीतरी. तू रोज जातोस पंपावर, इंजिनीअर. तू, मी, तो बिहारी वेल्डर. बंदुकीपुढे रोज आपण आहोत."

मी कपबश्या उचलत होते, ती तशीच उभी राहिले. तोपर्यंत हा सगळा प्रकार मला दोन हट्टी पुरुषांचं भांडण वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दोरी बांधलेली पेटी घेऊन मजलिसच्या, म्हणजे शेखच्या बैठकीच्या पायरीशी आले. "मी स्टोअरवाला," अशी वर्दी दिली आणि पेटीवर बसले. आतून शेख म्हणाला, काय आहे? "एक्झिट लाव. मी तयार आहे. पण आधी किल्ली खालाला दे, मग मी गाडीत बसतो. किल्ली दिल्याशिवाय मी इथून उठत नाही." खाला म्हणजे शेखची आई. मावशी म्हणून ते तिला हाक मारायचे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तिचं तोंड बघितलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या लोखंडी दाराबाहेर उभं राहून ते बोलायचे, ती आतून उत्तर द्यायची, तेवढाच संबंध.

मी नेमकी त्या वेळी खालाच्या स्वयंपाकघरात होते. कलीजा नावाची खजुराची बिस्किटं ती मला शिकवत होती. ऊन चढलं, चाचा पेटीवरच. वेल्डरने पाणी नेऊन दिलं. शेख दोनदा बाहेर येऊन ओरडून गेला. खाला पीठ मळता मळता थांबली आणि मला म्हणाली, हा काय मागतोय, नीट सांग. माझी अरबी म्हणजे नुसती मोडतोड, पण त्या दिवशी जीव तोडून बोलले. म्हटलं, तो म्हणतो, काडतुसं द्यायच्या आधी आईने विचारावं, बाहेर कोण आहे.

खालाने हात धुतले. दाराच्या फटीशी गेली आणि मुलाला हाक मारली. "किल्ली आण." तो काहीतरी सांगायला लागला. ती एवढंच म्हणाली, "तुझा बाप सुद्धा मला विचारून बाहेर पडायचा. आण." त्याने आणली. तिने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि दाराबाहेर मोठ्याने सांगितलं, "त्या म्हाताऱ्याला म्हणावं पेटी आत ने, ऊन लागेल." एक्झिटचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. शेख मात्र महिनाभर चाचांशी बोलत नव्हता.

मग चाचांनी आम्हा सगळ्यांकडे मोर्चा वळवला. रोज कामावर जायच्या आधी स्टोअरपुढे उभं करून ओरडायची तालीम. नाव, काम, कुठे चाललो. मजूर बिचारे मालकाच्या घराजवळ मोठ्याने बोलायला कचरायचे. मालकापुढे आवाज चढवायचा नाही हे आपल्या लोकांच्या अंगात मुरलेलं असतं, त्याला आपण अदब म्हणतो. "अदब मशिदीत ठेवा," चाचा म्हणायचे. "इथे ओरडा." सगळे शिकले. माझा नवरा काही शिकेना. त्याचं ओरडणं म्हणजे दुसऱ्याचं खाजगीतलं बोलणं. चाचा कानामागे हात धरून उभे, "काय म्हणालास? परत." हा लाजून लाल.

आणि एके दिवशी दुपारनंतर धुळीचं वादळ आलं. उजेड पिवळा झाला, केबिनचे पत्रे थडथडू लागले. कुंपणापलीकडच्या पंपाचं पॅनेल बंद पडलं म्हणून माझा नवरा तोंडाला शेमाघचा रुमाल गुंडाळून, पक्कड घेऊन गेला. घरातून ओरडून निघाला नाही. मी खिडकीतून त्याला केबलीच्या पेटीपुढे गुडघे टेकून बसलेला बघत होते, नुसती आकृती दिसत होती. तेवढ्यात मालकाच्या घराचं दार उघडलं आणि शेख बाहेर आला. हातात बंदूक.

त्याने अंगणाच्या कडेला येऊन हाक मारली. जनरेटर धडधडत होता, वारा उलटा. नवऱ्याने मान वर केली नाही. शेखने पुन्हा हाक मारली आणि बंदूक खांद्याला लावली.

खिडकी उघडेना, वाळूने तिची खाच बुजलेली. मी लेकीला पलंगावर टाकलं आणि अनवाणी बाहेर पळाले. माझ्या डोक्यात एकच होतं, तो उठून उभा राहिला तर हा झाडेल आणि नाही राहिला तरी झाडेल. स्टोअरकडून चाचा पळत येत होते, त्यांचे गुडघे दुखायचे, तरी पळत होते आणि ओरडत होते, "आपला आहे, आपला." वाऱ्याने ते शब्द भलतीकडेच नेले. मी वळून बघितलं तर शेखने बंदूक खाली घेतली होती आणि तो तरातरा घरात चालला होता.

तो का गेला ते मला तेव्हा कळलं नाही, खालाने मागाहून सांगितलं. बंदूक रिकामी होती. घाबरवायला रोखली, चोर हलत नाही असं बघितलं, आणि काडतुसं आणायला आईकडे गेला. आईने गळ्यातल्या किल्लीवर मूठ धरली आणि विचारलं, बाहेर कोण आहे? तो म्हणाला, चोर आहे, तोंड बांधलंय, केबल कापतोय, किल्ली दे. ती म्हणाली, आपली माणसं सगळी आत आलीत का, मोजलीस? तो तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. तिने किल्ली दिली नाही. फोन उचलला.

चाचांच्या खिशात फोन वाजला तेव्हा आम्ही दोघं कुंपणाच्या फाटकाशी होतो. धावता धावताच त्यांनी तो कानाला लावला. "खाला, मी स्टोअरवाला. आपला आहे, इंजिनीअर आहे, पक्कड मीच दिली त्याला." आणि फोन कानाला तसाच धरून वाळूत खाली बसले.

मी नवऱ्यापाशी पोचले तेव्हा तो पॅनेलचं झाकण लावत होता. शेमाघ सोडून म्हणाला, "अगं, तू अनवाणी का आलीस?" मी त्याला आधी मारलं, मग धरून ठेवलं. माझं रडणं थांबेपर्यंत अंधार पडला होता.

त्या रात्री छोटा शेख आमच्या केबिनपाशी आला. दारावर थाप नाही मारली. लांब उभा राहून त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि आम्ही "कोण?" म्हणून विचारायची वाट बघितली. नवरा बाहेर गेला. शेखने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "माझ्या खिशात गोळी असती तर मी झाडली असती." एवढंच बोलला आणि परत गेला. चाचांनी मात्र नवऱ्याला दुसऱ्या दिवशी पहाटेच तालमीला उभं केलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत पोचला.

खालाला तेव्हापासून एक सवय लागली. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाली की ती मला किंवा मोलकरणीला म्हणायची, सगळे जेवायला आले का, मोज. मोजून सांगितल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही.

चाचांचे गुडघे अगदीच गेले तेव्हा मुलगा मुंबईहून न्यायला आला. निघायच्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या लोखंडी दाराशी आले. मी आत होते. "खाला, मी स्टोअरवाला," त्यांनी हाक दिली. "चाललो."

खालाने गळ्यातला दोरा बाहेर काढला आणि किल्लीने दाराच्या पत्र्यावर टकटक केलं.

"ऐकलं, खाला," चाचा बाहेरून म्हणाले. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा आवाज येत होता, मी जातोय, मी.

खालाने दोरा परत आत सारला आणि पिठाचे हात तसेच ठेवून बसून राहिली. मगरिबची बांग झाली. "सगळे आले का, मोज," ती म्हणाली. मी उठून दाराच्या फटीतून मोजलं. एक कमी होता हे मी तिला सांगितलं नाही, आणि तिने त्या दिवशी आकडा विचारलाही नाही.